दिवा विझायला लागणारा वेळ

पेंडसे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या कानांत कापूस घालत होत्या. डोंबिवलीतल्या कर्णबधिर मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. मुलींच्या नृत्याला साथ करण्यासाठी मला नौपाड्याहून बोलावलं होतं आणि मी नुकताच तबला सुरात लावून बसलो होतो. "माझं वाजवणं इतकं असह्य आहे का हो?" मी जरा खोचकपणेच विचारलं. माझ्या ओठांकडे पाहून त्यांनी उत्तर दिलं, "मी ऐकलं की मला वाटतं, मुलींनाही कळलं. देसाई, तुम्ही वाजवा. मी बघते."

त्या खरोखरच बघत. त्यांच्यासमोर दोन बटणं असत: तबल्यासाठी पिवळा दिवा, डग्ग्यासाठी तांबडा. माझी बोटं पडतील तशी त्यांची बोटं पडत आणि रंगमंचाच्या कडेला लागणाऱ्या त्या उजेडावर मुली पावलं टाकत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मधेच तुमचा डावा हात मुका का होतो?" मी सांगितलं, ती तालातली खाली, तिथे डग्गा घुमत नाही. बाई खुर्चीवरून उठल्याच. "म्हणजे अंधारही मोजायचा! मग आधी सांगायचं नाही का?" तेव्हापासून खालीला तांबडा दिवा विझू लागला आणि नेमक्या त्या अंधारात मुली गिरकी घेऊ लागल्या.

दिवे जुने, जाड तारेचे होते. नवे घ्या, असं कोणी सुचवलं की बाई म्हणत, "नवा दिवा चापट मारल्यासारखा लागतो. डग्गा वाजला की लगेच गप्प होतो का? घुमतो ना? मग दिव्यालाही घुमू दे." मला मात्र त्यांनी एक लय आखून दिली होती. "याच्यापुढे जायचं नाही हं. दिव्याला विझायला वेळ लागतो."

ठाण्याच्या कार्यक्रमात मी पुढे गेलो. मुलींच्या पहिल्या गिरकीला सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्या मी माझ्या समजलो. बोटं धावली. बाईंची बोटं मागोमाग आली, पण दिवा येईना. तांबडी तार निवण्याआधीच पुन्हा पेटत होती. अंधार पडलाच नाही. मुली अंधाराची वाट पाहत थांबल्या. मनाली तेवढी अंदाजाने वळली आणि शेजारणीवर आदळून पडली. पडदा पाडावा लागला.

"बाई, तुमच्या दिव्यांनी घात केला," शाळा समितीचे कार्यवाह म्हणाले. "देसाईंनी काय रंगवलं होतं!" मी तबल्यावर गवसणी चढवत होतो. एक वाक्य पुरलं असतं. गवसणीची गाठ मी तीनदा सोडून पुन्हा बांधली. बाईंनी कानांतला कापूस काढला आणि कार्यवाहांना आणि मुलींनाही सांगितलं, "दिवे जुने झालेत. चूक माझी."

जिना उतरताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "टाळ्या ऐकू आल्या ना तुम्हाला? माझ्या मुलींना तो त्रास नाही."

पुढच्या वर्षीपासून दिवे बंद झाले. विंगेतून कोणीतरी रुमाल हलवू लागलं. मनालीने नाच सोडला आणि बाईंशी बोलणंही.

कबुली द्यायला मला सहा वर्षं लागली. तोवर बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. "मी समितीला पत्र लिहितो," मी म्हणालो. "समितीला काय करायचंय?" त्या म्हणाल्या. "मनालीला सांगा. आणि कागदावर नको हं. तिच्या भाषेत सांगा." मी खुणांची भाषा शिकायला लागलो. चार वाक्यं जमेपर्यंत बाई गेल्या.

शोकसभेला मनाली आली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि आरशापुढे घोटलेली वाक्यं हातांनी म्हणू लागलो: लय मी वाढवली. बाईंचा दोष नव्हता. मी गप्प बसलो. तिच्या कपाळावर आठी पडली. तिला काहीच कळलं नव्हतं. मग तिने माझी दोन्ही मनगटं धरून क्षणभर खाली दाबली आणि एक खूण केली. ती मला येत होती.

सावकाश, असं ती म्हणत होती. मी पहिल्यापासून सुरुवात केली.