माणसं कुंपणाबाहेर

मार्लिस ट्वेट माझी नणंद. तिच्याशी भांडण्यात माझी उभी हयात गेली, आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही. आमच्या मिनेसोटात राग आला की लोक ‘बरं, बघू’ म्हणतात आणि कॉफी ओतून घेतात. मार्लिसचं सगळं तोंडावर. जन्मभर शाळेची बस चालवली, मागच्या सीटवर उभं राहायची एका कार्ट्याची छाती झाली नाही. बसची नोकरी सुटल्यावर तिने गावातल्या मुलांचा क्लब अंगावर घेतला. पगार नाही, काही नाही. पाव भाजा, बटण लावा, ट्रॅक्टरचं ऑइल बदला, वासरू वाढवा. कॉफी करायला मी, फुकटची हमाल.

तिचा नियम एकच. जे करायचं ते स्वतःच्या हाताने. जिल्ह्याच्या जत्रेत जनावरांचं प्रदर्शन असतं, त्याला दोन आठवडे उरले की जनावर वाढवणाऱ्या मुलाने एकट्याने आवारात जायचं आणि जनावराच्या तोंडावर दोराची म्होरकी चढवायची, जमलं तरच जनावर जत्रेत. आईबाप कुंपणाबाहेर.

गेल्या वर्षी जोसी लिंडाल क्लबात आली. अकरा वर्षांची, काडीसारखी. बाप कर्ट, गावातली धान्याची कोठारं त्याची. क्लब बसायचा तोही त्याच्याच शेडमध्ये, म्हणून सगळे त्याच्याशी गोड बोलायचे. जोसीचा पहिला पाव विटेसारखा झाला होता. तिने तो मला खायला लावला आणि मी खाल्ला. मग बापाने तिला गोऱ्हा घेऊन दिला. त्याचं नाव वॅफल. दर बैठकीला पोरीच्या तोंडी वॅफलशिवाय दुसरं काही नाही.

परीक्षेच्या दिवशी जोसी म्होरकी घेऊन आत गेली. वॅफलने तिच्याकडे पाहिलं आणि सरळ कुंपणाशी चालत आला. तिथे कर्टचा गडी रूडी उभा होता, त्याच्या खिशात तोंड घातलं. जोसीने पुन्हा धरायला पाहिलं, तर त्याने तिला चिखलातून फरफटत नेलं. रूडी बिचारा बुटांकडे बघत राहिला.

“याला चारतं कोण?” मार्लिसने विचारलं.

“रूडी,” कर्ट म्हणाला. “पोरीच्या हातात दिला असता तर बरगड्या मोजता आल्या असत्या. मला पहिल्या नंबरची निळी फीत हवी आहे, मार्लिस.”

“मग तू आणि रूडी उतरा रिंगणात. हा गोऱ्हा पोरीच्या नावावर जत्रेत जाणार नाही.”

“बरं,” कर्ट हसून म्हणाला. “मग बसायला दुसरी शेड बघा.”

जोसी चिखलातून उठली. रडली नाही. “मी रोज म्हणत होते, मला चारू दे म्हणून,” एवढं म्हणाली, म्होरकी टाकली आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.

परतताना गाडीत मी तोंड सोडलं. “चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू.”

“नियम म्हणजे नियम, आर्डिस.”

“चुलीत घाल तुझा नियम. कर्टचं काय गेलं? ती पोर आता कशाला हात लावायची नाही. हेच शिकवायला क्लब चालवतेस?”

“तोंड आवर.”

“नाही आवरत.”

ती माझ्या घराचं वळण चुकली. इतकी वर्षं बस चालवलेली बाई, रोजच्या रस्त्यावरचं वळण चुकली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात तिचा हॉर्न. “कॉफी घे, चल.” थेट लिंडालांच्या गोठ्यावर. कर्ट सपाता घालून बाहेर आला.

“दोन आठवडे आहेत,” मार्लिस म्हणाली. “पोर चारेल, पोर धुवेल. जत्रेच्या आदल्या दिवशी तिने म्होरकी घातली तर गोऱ्हा जत्रेत जाईल. तोवर तू आणि रूडी फाटकाबाहेर.”

“हे आवार माझं आहे.”

तेवढ्यात जोसी बादली घेऊन आली. “डॅड, गोऱ्हा माझा आहे असं चर्चमध्ये सगळ्यांना तूच सांगत होतास ना?”

कर्टने फाटक उघडून दिलं. शेडला मात्र त्याने कुलूप घातलं, आणि क्लब मार्लिसच्या गॅरेजमध्ये भरू लागला. रोज पहाटे फाटकाशी खुर्ची टाकून मी पहारा दिला. डासांनी फोडून काढलं. मी मार्लिसला शिव्या घातल्या, कर्टलाही घातल्या. वॅफल अंगाने जरा उतरला, तसा कर्ट कुंपणाशी येरझाऱ्या घालू लागला. वॅफलचा खूर पडून जोसीच्या पायाचं एक नख गेलं. पण आदल्या दिवशी, कुरकुरत का होईना, गोऱ्ह्याने तिच्यापुढे तोंड केलं आणि तिने म्होरकी चढवली.

जत्रेत रिंगणाच्या मधोमध वॅफल थांबला तो थांबलाच. बाकीची मुलं त्याला वळसा घालून जाऊ लागली. जोसी ओढून ओढून लाल झाली. शेजारी पाहते तर कर्टचा एक पाय कुंपणाच्या आत. मी त्याचा पट्टा धरला.

जोसीने त्याला पाहिलं. “डॅड, पाय बाहेर,” म्हणाली. ओरडून नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्याने पाय मागे घेतला. मग तिने दोर सैल सोडला आणि वॅफलच्या गळ्याखाली खाजवत उभी राहिली. सगळे ताटकळले. शेवटी तो आपणहून चालू लागला.

पांढरी फीत मिळाली. सगळ्यात खालची. “रूडीने केलं असतं तर निळी होती,” कर्ट मला म्हणाला. मी तोंड उघडणार तोच जोसी बाहेर आली. बापाने दोर घ्यायला हात पुढे केला. तिने दोर दिला नाही. त्याच्या हातात फीत ठेवली.

“ही तू घे. तुला हवी होती ना. मला वॅफलला पाणी पाजायचंय.”