वेळूचं बेट

मावशींना एक अक्षर वाचता येत नसे, पण कादंबरीतल्या माणसांशी त्यांचं रोज भांडण चाले. मी बाभुळगावच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा त्यांच्याच घरातल्या खोलीत भाड्यानं राहत होते. संध्याकाळी त्या सुपात तूर घेऊन बसत आणि फर्मान सोडत, "हं मास्तरीनबाई, काल थो शिपाई कुठं होता?"

मी वाचून दाखवत होते ती कादंबरी मागच्या महायुद्धावरची होती. बोट बुडून एक शिपाई दूरच्या बेटावर लागतो आणि तिथल्या कोळ्याच्या मुलीच्या प्रेमात पडतो. चार दिवस मावशी कुरकुरतच ऐकत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी सूप खाली ठेवलं. "दोन माणसं बेटात राह्यतात कशी वो? साप नाई काय तेथी?"

तेव्हा उलगडा झाला. त्यांना ठाऊक असलेलं बेट एकच, वेळूचं. म्हणजे ते दोघे चार दिवस बांबूच्या दाटीत प्रेम करत होते! मी पोट धरून हसले. मावशी म्हणाल्या, "तरीच म्हनलं, एवढ्या अडचनीत यायले प्रेम सुचते कसं."

मग मी पाटीवर समुद्र काढून मधोमध बेट दाखवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "सगळीकून पानी? मंग मानूस जिता असला तरी कळवन कसा?"

माझं हसू थांबलं. मावशींचे यजमान त्याच लढाईत बोटीनं गेले होते. लढाई संपून पंधरा वर्षं झाली, पण गेल्याची तार नाही की असल्याचं पत्र नाही. दीर प्रत्येक सणाला "वहिनी, आता कुंकू पुसा" म्हणत. मावशी कुंकू आणखी ठसठशीत लावत आणि दिरांच्या ताटातल्या भाजीत तिखट वाढवत.

त्या दिवसापासून कादंबरीत त्यांचा जीव अडकला. फक्त त्यांची नायिका वेगळी होती. "शिपायाची घरी बायको हाये न? तिचं काहून नाई लिवलं?" लेखकानं तिला जेमतेम दोन ओळी दिल्या होत्या.

पुढे माझी नेरला बदली झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी शेवटचं प्रकरण उरलं होतं. मी ते चोरून वाचलं होतं. न्यायला बोट येते, पण शिपाई चढत नाही. त्या मुलीशी लग्न करून तिथंच राहतो. हे कुठल्या तोंडानं वाचायचं? मी पुस्तक समोर धरलं आणि मनानंच तो शिपाई बोटीत चढवला, आगगाडीत बसवला, आमच्या जवळच्या धामणगाव स्टेशनावर उतरवला आणि बायकोच्या दारात आणून उभा केला.

मावशी तुरीतला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "आज गंज येळ वाचलं तुमी, पन पान नाई उलटवलं. अन् थ्या पुस्तकात धामनगाव कुठून आलं?"

मी पुस्तक मिटलं.

"तेथीच राह्यला न थो?"

"हो मावशी."

त्यांनी सूप उचललं, दोनदा पाखडलं. "राहू दे. जिता तं हाये."

दुसऱ्या दिवशी त्या एस.टी.वर पोचवायला आल्या. कपाळावर कुंकू नेहमीसारखंच होतं. मला रडू आवरेना. गाडी सुटताना खिडकीशी येऊन त्या म्हणाल्या, "पत्र धाडजा बाई. नेर काई बेटावर नाई."