दाण्यावरचं कवच

आमच्या सरांनी आयुष्यात दोनच गोष्टी जपल्या. एक स्वतःचं पोट आणि दुसरं एन्झाइम. पोटाचं ताकावर भागायचं, पण एन्झाइम महाहट्टी. उकळतं पाणी लागलं की मेलं, दमट हवेत मेलं, सोड्यात तर हमखास मेलं. म्हणून सर त्याला साखरेच्या लांब साखळ्या जोडून थोडं टणक करायचे आणि त्याच्या दाण्यांवर मेणकट कवच चढवायचे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कागलच्या एमआयडीसीत शेड घेतली. तिथला केमिस्ट, हमाल आणि झाडूवाला मीच.

हे एन्झाइम कापडाची खळ काढतं; ती निघाली नाही तर रंग नीट बसत नाही. इचलकरंजीत आम्हाला कुणी दारात उभं करत नव्हतं. शेवटी कापड रंगवणाऱ्या एका मालकानं एक संधी दिली. ती हुकली तर शेडला कुलूप, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. होतं नव्हतं ते सगळं एका पोत्यात भरून आदल्या दिवशी पाठवलं आणि आम्ही आल्यावरच ते उघडा, असं बजावलं.

सकाळी पोचलो तर रंगाचे मास्तर हसत पुढे आले. "या पावणं! तुमचं काम कालच करून ठेवलंय की. लई कठीण दाणं हुतं. खलबत्त्यात कुटलं, फडक्यातनं गाळलं, सोडा घालून उकळत्या पाण्यात भिजवलं. एक गाठ घावायची न्हाई!"

गाठ राहिली की कापडावर डाग पडतो, म्हणून रंग असाच कुटून, गाळून भिजवायचा, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. पाहुण्यांच्या मालाचंही त्यांनी तितक्याच मायेनं केलं होतं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

सरांनी पिंपात डोकावून पाहिलं. "छान बारीक झालंय," म्हणाले.

दुसरं पोतं नव्हतं. तेच वापरलं. कापड खळीसकट ताठ बाहेर आलं, रंग ठिकठिकाणी फिका बसला. मालकानं ते चिमटीत धरलं. "पुठ्ठा झालाय ह्यो. जावा आता."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडलो. शेजारी सर बोलत होते. पुढच्या वेळी पोत्यावर 'कुटू नका' असं लिहायचं. लाल शाईनं. अक्षरं चांगली वीतभर हवीत, खाली खलबत्त्याचं चित्र काढून त्यावर फुली मारायची. कागल येईपर्यंत ते सांगत राहिले, आणि मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत राहिलो.