श्रावणातला शुगर ग्लायडर

लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि जाताना तिचा शुगर ग्लायडर माझ्या गळ्यात घालून गेली. खारीसारखा दिसणारा, तळहाताएवढा राखाडी परदेशी प्राणी. दिवसभर पिंजऱ्यात टांगलेल्या कापडी पिशवीत झोपायचा, दिवेलागणीला उठायचा आणि पडद्याच्या दांडीवरून हातपाय पसरून थेट माझ्या खांद्यावर उतरायचा. सासूबाई त्याला उडता उंदीर म्हणायच्या. मी मूळची काळजीखोर. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मी दहादा स्वयंपाकघरात जाऊन येते. त्यात हा लेकीचा जीव. निघताना तिने पुन्हा पुन्हा बजावलं होतं की फळं कमीजास्त झाली तरी चालतील, पण अंडं आणि अळ्या चुकवायच्या नाहीत.

आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. म्हणून गॅलरीत चपलांच्या रॅकवर एक जुनी विजेची किटली ठेवून मी त्यात अंडं उकडायची. वाळवलेल्या अळ्यांचा डबा खालच्या कप्प्यात, बुटांमागे. सासूबाई तिकडे बघायच्याच नाहीत. त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं, ते म्हणजे वास. या प्राण्यातल्या नराच्या डोक्यावर टकलासारखा एक ठिपका असतो. तिथून वास सुटतो आणि हा डोकं घासत सगळीकडे आपली खूण करत फिरतो. पिशवीत विसरून राहिलेल्या पेरूसारखा वास. दर गुरुवारी आमच्याकडे भजनी मंडळ बसतं. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या त्या बायका अभंग संपला की पदर नाकाला लावायच्या आणि सासूबाईंचा चेहरा पडायचा.

मग मी पिंजऱ्यातली सगळी कापडं रोज गरम पाण्यात धुवायला लागले. जाळी पुसायची, दांड्या घासायच्या. वास कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. मी वैतागून आणखी घासायची.

श्रावण लागला तशी सासूबाईंनी अंड्याची किटली आणि अळ्यांचा डबा, दोन्ही बंद करायला सांगितलं. "घरात श्रावण पाळायचा तर सगळ्यांनीच. महिनाभर फळं खाल्ली म्हणून कुणी मरत नाही," त्या म्हणाल्या. सिन्नरच्या कारखान्यातून दमून आलेल्या नवऱ्याने मान डोलावली. वास अंड्यानेच येत असेल, असं मलाही पटलं, किंवा पटवून घेणं सोपं गेलं. लेकीला काही सांगितलं नाही. तिने ऐकून घेतलंच नसतं. सासूबाई पंचवटीच्या बाजारातून केळी, पपई, डाळिंबं स्वतः निवडून आणायला लागल्या. फळं त्याला आवडायचीच, त्यामुळे तो खूश आणि आम्हीही खूश.

आणि खरंच, हळूहळू वास गेला. भजनाच्या बायका म्हणाल्या, आता काही जाणवत नाही हो. सासूबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना मसाला दूध दिलं.

त्यानंतर एका संध्याकाळी तो दांडीवर चढला नाही. मी हाक मारली, खांदा पुढे केला. तो पिशवीतून उतरला तो पिंजऱ्याच्या तळाशीच, आणि पुढच्या दोन पायांवर अंग ओढत माझ्याकडे यायला लागला. मागचे पाय नुसते मागून येत होते. मी त्याला ओंजळीत उचलून घेतलं. लेकीचा व्हिडिओ कॉल यायची वेळ झाली होती. मी फोन बंद करून ठेवला.

कुत्र्या-गाईंच्या डॉक्टरांनी आम्हाला हे जमणार नाही म्हणून सांगितलं. गंगापूर रोडला एक डॉक्टरीण असे प्राणी बघते असं कळलं. रिक्षात मी त्याला पिशवीसकट ओढणीखाली धरून बसले होते. सासूबाई न विचारताच शेजारी येऊन बसल्या होत्या. हा खायला काय घेतो, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा उत्तर सासूबाईंनीच दिलं.

"एकदम सात्त्विक. नुसती फळं."

डॉक्टरीणबाईंनी त्याचे मागचे पाय बोटाने अलगद दाबून पाहिले. मग म्हणाल्या, "आजी, याला उपास चालत नाही. नुसत्या फळांवर राहिला तर कॅल्शियम कमी पडतं, मग शरीर ते हाडांतून काढून घेतं."

वास तरी गेला, असं मी काहीतरी पुटपुटले. तर कळलं, की कापडं सगळी एकदम धुतली की त्याला आपलं घरच ओळखू येत नाही आणि तो दुप्पट खुणा करतो. निम्मी निम्मी धुवायची. आणि आता वास गेलाय तो स्वच्छतेमुळे नाही. अंगात त्राण नाही, म्हणून त्याने खूण करणंच सोडलंय. पाय परत येतील का, यावर त्या म्हणाल्या की सांगता येत नाही. इंजेक्शन, थेंब, चढता येणार नाही असा बुटका खोका, आणि आजपासून अंडं.

घरी येऊन मी गॅलरीत किटली लावली. घाईत पहिलं अंडं हातातून निसटलं आणि फुटलं. श्रावण अजून सरला नव्हता. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"तिथे वाऱ्यात कशाला," त्या म्हणाल्या. "आत गॅसवर ठेव."

मग नुसती वाट बघणं. लेकीला मी सगळं सांगितलं. ती रडली, ओरडली आणि मग रोज तीनतीनदा फोन करायला लागली. मी झोपेतून दचकून उठायची आणि खोक्याला कान लावायची. सासूबाई रोज पूजा झाली की फुलांचं तबक हातात घेऊनच खोक्याशी वाकायच्या, वास घेऊन बघायच्या आणि मान हलवायच्या. काही नाही. मला वाटायचं, संपलं, हे पाय काही परत येत नाहीत.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी भजन ऐन रंगात आलं होतं. खोका कोपऱ्यातच होता. अभंग संपला आणि समोरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मी धावत जाऊन झाकण उचललं. तो कापडावर डोकं घासत होता. मागचा एक पाय अजून फरपटत होता; दुसऱ्याने त्याने कापड घट्ट धरलं होतं. माझा हुंदका सगळ्यांसमोर फुटला.

त्या बाईंनी खिडकी उघडायला हात पुढे केला. सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "येऊ दे वास. बरा होतोय तो."