बुर्जी

"बुर्जी! बुर्जी झाली रं! हात वर घे, भाच्या, डाव खलास!"

मामा ओरडले ते असे, की समोरच्या पिंपळावरचे कावळे उठले आणि थेट कृष्णेपलीकडे जाऊन बसले. शेजारची म्हैस त्या दिवसापासून आटली, असं तिचा मालक पुढं कित्येक वर्षं सांगत होता. म्हशीची जबाबदारी मी घेत नाही, पण आवाज तेवढा होता. मी मात्र मामांचं शेवटचं काळं प्यादं मुठीत धरून, कुस्ती मारलेल्या पैलवानासारखा छाती काढून बसलो होतो. मला वाटलं, हरल्यामुळं ओरडतायत.

सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी सांगलीत खोली करून राहायचो आणि कुपवाडच्या एका वर्कशॉपात लेथवर उभा असायचो. मामांना मात्र सांगितलं होतं, की माझ्या हाताखाली शंभर माणसं आहेत. खरं तर हाताखाली पडायचा तो लोखंडाचा कीस. वर्षाचा कीस गोळा केला असता तर शंभर माणसांच्या वजनाचा भरला असता, एवढाच त्या थापेला आधार.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन आले आणि वाईच्या पुढं कोसभरावर, गावच्या घरी राहिले. त्यांना एकच मुलगी. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. ती रांगत होती तेव्हापासून बायका मला म्हणायच्या, "ती बघ तुझी नवरी, आधी नाक पूस." मी नाक पुसलं, मिसरूड फुटलं, नोकरी धरली, तरी मामा विषय काढीनात. आईनं निरोपावर निरोप धाडले, तेव्हा कुठं त्यांचा उलटा निरोप आला. "दे लावून त्याला. एक डाव खेळू. जिंकला तर सुपारी फोडू."

डाव म्हणजे बुद्धिबळाचा. मामांशी खेळायचं तर आधी एक गोष्ट ठरवावी लागे. पट मांडता मांडता ते विचारत, "बोल, कोण?" त्यांच्याकडे चार दर्जे होते, चारही फौजेतले. रंगरूट म्हटलं तर मामा आपला वजीर आणि दोन्ही हत्ती उतरवून बाजूला ठेवत. शिपाई म्हटलं तर नुसता वजीर. हवालदार म्हटलं तर एक हत्ती. सुभेदार म्हटलं तर काहीच नाही, सगळी फौज उभी. एका तलाठ्यानं मिशीला पीळ देऊन सुभेदार मागितला आणि चहा निवायच्या आत मात खाल्ली. तो म्हणे घरी न जाता तडक खंडाळ्याला गेला आणि तिथूनच बदलीचा अर्ज टाकला.

मामा म्हणायचे, "डावात मानूस कळत न्हाई. काय मागतोय त्यात कळतोय."

सांगलीहून निघाल्यापासून यष्टीत मी हाच विचार करत होतो. रंगरूट घेतला तर डाव नक्की माझा, पण रंगरुटाला पोरगी कोण देतो? सुभेदार घेतला तर इज्जत राहील, पोरगी जाईल. कराडला गाडी थांबली तेव्हा मी सुभेदार होतो. उंब्रजला हवालदार झालो. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलताना हवालदारही जड वाटायला लागला. मामांच्या ओसरीवर पट समोर आला तेव्हा तोंडातून जे निघालं ते "शिपाई". वर मखलाशी केली, "तुमचा वजीर मारायला मन धजत नाय, मामा. त्यापेक्षा तुमीच उतरवा."

मामांनी वजीर उचलला, धोतराला पुसला आणि माझ्या डोळ्यांसमोर आडवा ठेवला.

"देशी डाव हाय. ध्यानात हाय न्हवं?"

"आवं, देशी काय न् विलायती काय! सांगलीत झोपेत खेळतो मी."

"दिसंलच की," मामा म्हणाले.

सांगलीत आम्ही नव्या नियमांनी खेळत होतो. मला शिकवणारे मास्तर सांगायचे, आधी समोरच्याचं रान साफ करा, मग राजाला निवांत पकडा. मी तेच केलं. एका वजिराची तूट असूनही मामांनी मला असं पिळलं, की माझ्या घामानं पटाची दोन घरं पुसट झाली. पण दुपार कलता कलता पारडं फिरलं. मामांचे उंट गेले, घोडे गेले, हत्ती गेले. उरले राजा आणि एक प्यादं. माझा वजीर शाबूत, वर एक हत्ती. दोन खेळ्यांत मात होती. आंधळ्यानं चाचपली असती तरी हाताला लागली असती.

तेवढ्यात मामांची पोरगी चहा घेऊन दारात आली. पटाकडं बघितलं आणि खोकली. मी प्याद्याकडं हात नेला, ती पुन्हा खोकली. मी तिच्याकडं बघून हसलो. आता काय, आपलीच! म्हटलं, "चुलीचा धूर लय झालाय जनू." ती तिसऱ्यांदा खोकली, कपबशी वाजण्याएवढी. मी प्यादं उचललं, माझा वजीर त्याच्या जागी दाणकन ठेवला आणि म्हणालो, "आता एकटा राजा कुठं पळतोय, मामा?"

देशी डावात एकट्या राजाला कुणी मारत नाही. ज्याची सगळी फौज संपली त्याच्यावर हात टाकायचा नाही. तिथंच डाव थांबतो, बुर्जी होते. ना कुणाची हार, ना कुणाची जीत. म्हणून समोरच्याचं शेवटचं प्यादं मारायचं नसतं. ते आपणच जपायचं असतं, आपल्या वजिराहून जास्त. हे मी लहानपणी मामांच्याच मांडीवर बसून ऐकलं होतं. पण शंभर माणसांच्या साहेबाला मांडीवरचं काय आठवणार?

"पर मामा, मी जिंकतच हुतो की! वजीर हाय माझा, हत्ती हाय!"

"हाय की. घिऊन जा दोगास्नी."

"दुसरा डाव मांडू. हवालदार घेतो. न्हाई, सुभेदारच घेतो!"

मामांनी मोहरे थैलीत भरायला सुरुवात केली होती. "सुपारीचा डाव एकदाच आसतोय रं."

माझी पिशवी ती दारापर्यंत घेऊन आली. हळू आवाजात म्हणाली, "तीनदा खोकले मी."

"मला वाटलं धूर."

"चूल पेटलीच नव्हती. चहा स्टोव्हवर केला," ती म्हणाली आणि माझी रिकामी कपबशी उचलून आत गेली.

वैशाखात तिचं लग्न झालं. नवरा फौजेतला कारकून. त्यानं बुद्धिबळाचा पट जन्मात बघितला नव्हता, आणि रंगरूट का सुभेदार, हेही त्याला कुणी विचारलं नाही. मी नवरीचा आतेभाऊ, म्हणजे हक्काचा वाढपी. बुंदीची टोपली घेऊन त्या मांडवात मी एवढ्या फेऱ्या मारल्या, की सरळ चाललो असतो तर सांगलीला पोचलो असतो. नवरानवरीच्या ताटात बुंदी वाढली तेव्हा तिनं ताटावर हात आडवा धरला. पुरे, एवढंच.

शेवटच्या पंगतीला मी आणि मामा शेजारी बसलो. मांडवातली माणसं पांगली होती. मामांचं जेवण चाललं होतं, माझ्या पत्रावळीवर माशा बसत होत्या. तीन महिने घशात अडकलेलं मी एकदाचं विचारून टाकलं.

"मामा, खरं सांगा. त्या दिवशी म्या ते प्यादं ठेवलं आसतं, मात केली आसती, तर?"

मामांनी भातात आमटीसाठी आळं केलं.

"तर म्हनलो आसतो, आनी एक डाव मांडू."