बन्सीमामांचा फोन

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत 'सीरियस' हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. पोरगं अभ्यासाला सीरियस नाही, लग्नाची बोलणी सीरियस आहेत, आठवडाभर नळ कोरडा म्हणजे मामला सीरियस. पण हाच शब्द बन्सीमामा फोनवर बोलले, की ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं: माणूस गेला.

मामा शाळेतले निवृत्त शिपाई. गल्लीत कुणी वारलं, की घरचे रडणार आणि परगावी फोन लावणार मामा. "जरा सीरियस हाये. घाबरू नको, श्वास चालूय. गाडी सावकाश चालव." येणाऱ्याचा वाटेत घात होऊ नये, एवढाच हेतू. बायको द्वारकाबाई चिडवायची, "यांचा नंबर दिसला की लोक आधी मातीला न्यायचा टॉवेल शोधतेत!"

एका मंगळवारी सकाळी तिलाच धाप लागली. दवाखान्यात तिला आयसीयूत घेतलं. डॉक्टर म्हणाले, पोरांना बोलवा, दिवस निघाला तर निघाला. आत जाताना तिनं एवढंच विचारलं, "इंद्रजीत येतोय ना?"

मामांनी पुण्याला पोराला फोन लावला. तोंडात सवयीचं तेच आलं. "आई सीरियस हाये. घाबरू नको. गाडी सावकाश चालव."

इंद्रजीत याच बापाचे फोन ऐकत मोठा झालेला.

अकराच्या सुमाराला शेजारीण फोनवर ओरडली, "मामा, सिल्लोडहून तुमच्या बहीणबाई आवडाबाई आल्यात! ओट्यावर बसून गळा काढून रडायल्यात. इंद्रजीतनं कळवलं म्हणे, वहिनी गेली!"

मामांनी तिचं बोलणं मधेच तोडलं. त्यांनी पोराला फोन केला.

"नाशिकला पोचतोय, बाबा. वळसा पडेल, पण प्रेरणाला घेऊन येतो. बहिणीला अशा वेळी एकटी कशी येऊ द्यायची?"

"आरं, आई जिती हाये! वाट बघायली तुझी!"

लेकराला समजवावं तसा इंद्रजीत म्हणाला, "हो बाबा. तुम्ही पाणी प्या थोडं."

"श्वास चालूय रे तिचा!"

"हो बाबा."

तासाभरानं पुन्हा लावला तेव्हा प्रेरणानं उचलला. "दादा गाडी चालवतोय. आता फोन करू नका, बाबा," म्हणून तिनं रडत ठेवून दिला. मग कुणी उचललाच नाही.

दुपारभर नर्स बाहेर येत राहिली. "आजी विचारतायत, मुलगा कुठं आला?"

मामा आधी म्हणाले, "नगरला आलाय म्हणा." मग म्हणाले, "वाळूजला आलाय म्हणा. आलाच."

अडीच वाजता नर्स आली, ती काही विचारायला आली नव्हती.

पोरं साडेपाचला दारात उतरली. आई ओट्यावर आणून ठेवलेली. गाडी अगदी सावकाश आणली होती, बापाचं ऐकून. रडून झाल्यावर इंद्रजीतनं विचारलं, "किती वाजता गेली, बाबा?"

आवडाबाईनं भावाकडं पाहिलं. उभ्या गल्लीनं मान खाली घातली. वेळ लिहिलेला दवाखान्याचा कागद मामांच्या सदऱ्याच्या खिशात होता. त्यावर हात ठेवून मामा म्हणाले,

"सकाळीच गेली रे. तुला फोन लावायच्या आधीच."

"मला कळलंच होतं," इंद्रजीत म्हणाला, आणि त्यानं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.