असन-मामा

आसगाव ते पवनी जीप चालवणाऱ्या मामांनी उभ्या आयुष्यात कोणाला पक्कं उत्तर दिलं नाही. जीप कधी निघणार, तर "निंगन." पाऊस येईल का, तर "येईन बी." एकदा एका पाहुण्याने ब्रेक नीट आहेत ना, असं विचारलं. मामा आरशात बघत "असन", म्हणजे असेल, एवढंच म्हणाले आणि तो गृहस्थ पुढच्याच गावात उतरून गेला. वास्तविक ब्रेक उत्तम होते, दर पंधरा दिवसांनी मामा स्वतः जीपखाली शिरून बघत. पण तोंडाने हमी द्यायची म्हटलं की त्यांची जीभ उचलत नसे. गावात त्यांना असन-मामाच म्हणत.

मी राहतो आसगावातच आणि पवनीच्या एका शाळेत लिपिक आहे. बायको अंगणवाडीत लवकर जाते, त्यामुळे घराला कुलूप लावणं माझ्याकडे. ते मी सतरा वेळा ओढून बघत असे. सतरा हा आकडा अंदाजाने सांगत नाही, मोजलेला आहे. त्यानंतरही चौकातून परत फिरायचो, कधी दोनदा, कधी चारदा. शाळेत रोज उशीर. शेवटी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, आणखी एक महिना असा गेला तर गोष्ट संस्थेपर्यंत जाईल. नोकरी जायची वेळ आली तेव्हा मी भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. ह्याला ओसीडी म्हणतात, हे तिथे कळलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि एक अभ्यास दिला: कुलूप एकदाच लावायचं, मागे न बघता निघायचं, शंका आली तर येऊ द्यायची आणि कोणालाही विचारायचं नाही.

हे शेवटचं फार कठीण गेलं. तोवर मी बायकोला फोन करून कुलूप लागलंय ना असं विचारायचो आणि ती अंगणवाडीत बसून "लागलंय" म्हणायची. डॉक्टरांनी तिला ते बंद करायला लावलं. मग मी मामांना गाठलं. ते आमच्याच घरावरून जीप आणत.

"मामा, आमच्या दाराला कुलूप दिसलं का?"

"असन."

"पण तुम्ही पाहिलं का?"

"पाह्यलं असन."

चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी मी त्यांना सगळा आजार सांगितला. त्यांनी बिडी विझवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे तुले कोनीच पक्कं सांगाचं नाही. मंग माह्याच बाजूले बसत जाय. हारन एकच वाजन, मी थांबनार नाही."

आणि ते खरंच थांबत नसत. पहिल्या आठवड्यात दोनदा जीप माझ्या डोळ्यांदेखत गेली. तिसऱ्यांदा मी एकदाच कुलूप लावून धावलो. बसल्यावर मी खिशातली किल्ली चाचपत होतो. मामा मात्र मागच्या बाईला तिच्या म्हशीबद्दल विचारत होते.

डॉक्टरांनी बेचैनीला शून्य ते दहा आकडे द्यायला सांगितलं होतं. मी वहीत आठ रकाने आखले, रोजची सरासरी काढू लागलो आणि ती बरोबर आहे का, म्हणून पुन्हा काढू लागलो. मामांनी दोन दिवस ते पाहिलं. मग म्हणाले, "बाबू, कुलूप सुटलं अन् आता वही धरली काय?" सगळी जीप हसली, मीही हसलो. त्या दिवसापासून टपावर लोकांच्या पिशव्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. गाठ एकदाच मारायची, ओढून बघायची नाही. एकही पिशवी पडली नाही.

आणि एक दिवस ज्याची भीती होती तेच झालं. संध्याकाळी आलो तर कुलूप कडीत नुसतं लटकत होतं, दार उघडं, आणि शेजारची बकरी स्वयंपाकघरात सुपातली लाखोरीची डाळ खात उभी. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने मामांना सांगितलं.

"मंग? गेलं काय?"

"अर्धा किलो डाळ."

"आजून?"

आणखी काहीच गेलं नव्हतं. मी जीपमध्ये बसलो. उशीर होत होता.

पुढच्या वर्षी मामांच्या डोळ्यांवर धुकं आलं. नागपूरला ऑपरेशन ठरलं. जीप पुन्हा चालवता येईल की नाही, ते तिथल्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. जायच्या सकाळी मामा आमच्या दाराशी आले. म्हणाले, "बाबू, दिसन ना मले पह्यल्यासारखं?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण असं 'हो' किती पुरतं, ते मला ठाऊक होतं. फार तर चौकापर्यंत.

"माहीत नाही, मामा," मी म्हणालो. "मी येतो सोबत."

मामा हसले. "चांगला शिकला तू." मी आत जाऊन पिशवी घेतली, कुलूप लावलं, एकदाच, आणि आम्ही निघालो.

ऑपरेशननंतर मामांना दिसायला लागलं, पण गाडी चालवण्याइतकं नाही. त्यांनी जीप विकली आणि ते दिघोरीला मुलीकडे राहायला गेले. माझं म्हणाल तर अजूनही एखाद्या सकाळी हात तीनदा कुलपाकडे जातो. सतरावरून तीन. हल्ली दर रविवारी मी त्यांना फोन करतो आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारतो.

"असन," मामा म्हणतात.

मी दुसऱ्यांदा विचारत नाही.